थंड खोलीतला फोन

माझ्या धाकट्या भावाला उन्हाचा भारी तिटकारा. म्हणजे स्वतःला लागणाऱ्या उन्हाचा. दुसऱ्याला लागलं तर त्याचं काही म्हणणं नसतं. सख्खी बहीण आहे म्हणून सांगते, आणि सांगताना तोंड कडू होतं.

त्याच्या बायकोचा पाय मोडला, म्हणून त्याने मला मदतीला बोलावलं. लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत फिरायला जातात आणि आपली कुत्री त्याच्याकडे ठेवतात. फाटकावर मोठी पाटी आहे, ‘वातानुकूलित निवास’. पाटी खोटी नाही. वातानुकूलित खोली आहे, पण एकच. तिची भिंत निळी रंगवलेली, भिंतीवर हाडांची चित्रं, खाली मऊ गादी. आणि भावाचं टेबलही तिथेच.

कुत्री मागे पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्या दुपारी मी तिथे पाऊल टाकलं आणि रुमाल नाकाला लावला. तापलेल्या सिमेंटवर मुताचा वास नुसता उसळत होता. पातेल्यातलं पाणी कोमट, वर हिरवट बुळबुळीत थर. जेवणाच्या ताटल्यांवर माश्यांची पंगत. एकही कुत्रं भुंकलं नाही. जिभा बाहेर टाकून सगळी आडवी पडली होती.

“ह्यांचा एसी कुठाय रे?” मी विचारलं.

“आहे की, ताई. पाळीपाळीने नेतो ना आत.”

पाळी म्हणजे काय, ते संध्याकाळी कळलं. मालकांचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. ज्याचा फोन येईल त्याचं कुत्रं आणायचं, ओल्या फडक्याने तोंड पुसायचं, गादीवर बसवायचं. भट्टीतून आलेला तो जीव गारव्यात असा काही लोळायचा, की पलीकडे मालक विरघळायचे. “बघा, किती खूश आहे!” फोन बंद झाला की पट्टा धरून परत मागे. एक थोराड काळा कुत्रा चारही पाय रोवून दारात बसला. भावाने त्याला फरशीवरून फरफटत नेलं आणि मला म्हणाला, “लाडावलेत नुसते.” मला त्याची शिसारी आली. एकाच आईच्या पोटचे आम्ही, ह्याची त्याहून जास्त आली.

मी शेडच्या पत्र्यावर ओली पोती टाकली. त्याने ती तासाभरात उतरवली. रस्त्यावरून दिसतात आणि गबाळी वाटतात, म्हणे.

जीव माझा सगळ्यात जास्त ठोंब्यासाठी तुटायचा. बदामी रंगाचा, गुबगुबीत, चपट्या नाकाचा पग. ठोंब्या हे भावाने ठेवलेलं नाव. मालकीणबाई एकट्या राहणाऱ्या, आजारी बहिणीकडे गेलेल्या. जाताना त्यांनी दहादा बजावलं होतं, की नाक चपटं असल्यामुळे त्याला उकाड्यात श्वास घेता येत नाही, त्याला आतच ठेवा. भावाने दहादा मान डोलावली होती. आणि ठोंब्या मागे, पत्र्याखाली, करवत चालावी तसा घरघरत होता.

“ह्याला तरी आत घे,” मी म्हटलं.

“केस पडतात, ताई. वास बसतो. नवं गिऱ्हाईक नाक मुरडतं.”

“आणि मेला म्हणजे?”

“तुझं आपलं काहीतरीच. कुत्री काय फ्रीजमध्ये जन्मतात?”

पुढे एका दुपारी वारा साफ पडला. मी ताजं पाणी घेऊन मागे गेले, तर ठोंब्या स्वतःच्या ओकारीत कुशीवर पडलेला. जीभ जांभळी, तोंडाला चिकट फेस, पाय थरथरतायत. उचलला तर अंग हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. तशीच त्याला घेऊन थंड खोलीत आले, फरशीवर ठेवला, पंजांवर आणि पोटावर पाणी ओतत सुटले.

भाऊ टेबलाशी कलिंगड खात होता. “गादीला लागू देऊ नकोस,” तो म्हणाला.

“डॉक्टरला फोन कर.”

“करतो गं,” म्हणत त्याने बोटं पुसली, आणि तेवढ्यात फोन वाजला. ठोंब्याच्याच मालकीणबाई. त्याने फोनकडे पाहिलं, ठोंब्याकडे पाहिलं, आणि फोन तसाच वाजत ठेवून मागे पळाला. परत आला तो दुसरा पग काखोटीला मारून. रंग तोच, अंगाने जरा सुकलेला. मग वाकून त्याने ठोंब्याच्या गळ्यातला पट्टा सोडवला आणि त्या दुसऱ्याच्या गळ्यात अडकवला. मी त्याच गळ्यावर पाणी ओतत होते.

“माझं सोनं ते!” फोनमधून आवाज आला. “वाळलास की रे!”

“उन्हाळ्यात उतरतं वजन, काकू,” भाऊ गोड हसून म्हणाला. “खेळतो किती दिवसभर!”

इकडे ठोंब्याचा कान हलला. डोळे अर्धवट उघडले. तो आवाजाच्या दिशेने उठायला बघत होता. पुढचे पाय ओल्या फरशीवरून सटकले, हनुवटी आपटली, आणि तो कण्हला.

“कोण कण्हतंय?”

“शेजारचं कुत्रं आहे, काकू.”

मी उठले, त्याच्या हातातून फोन हिसकला आणि ठोंब्याच्या तोंडासमोर धरला. “बाई, तुमचा हा. तो दुसऱ्या कोणाचा आहे. ह्याला ऊन लागलंय, आणि डॉक्टरला अजून कोणी बोलावलेलं नाही.”

बाई ना ओरडल्या ना रडल्या. “बोलवा लवकर,” एवढंच म्हणाल्या. “फोन त्याच्यापाशीच राहू द्या. मी बोलत राहते.” आणि त्या त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू लागल्या. त्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी माझ्या फोनवरून डॉक्टरला बोलावलं. त्यांनी येऊन सलाईन लावलं, तापमान पाहिलं. ठोंब्याला दवाखान्यात न्यावं लागेल, पण वाचेल असं वाटतंय, म्हणाले. मग गाडीतून त्याला न्यायची पेटी आणायला ते बाहेर गेले. फोन फरशीवर तसाच पडून होता. बाई बोलायच्या थांबल्या होत्या.

भाऊ दुसऱ्या पगला कडेवर घेऊन भिंतीशी उभा होता. तो माझ्याजवळ सरकला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “त्यांना सांग ना, एरवी तो इथेच असतो. आजच चुकून मागे राहिला. तुझ्यावर विश्वास बसेल त्यांचा.”

“तूच सांग,” मी म्हटलं. “फोन चालू आहे.”