चार ते सातची सपाट रेघ

"दुपारी चार ते सात पट्टा कुठं काढून ठेवत होतीस?" पट्टेकाकांनी विचारलं.

नववीचा वर्ग मागे वळला. शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"काढला नव्हता, काका. फक्त अंघोळीला आणि झोपताना काढायचे."

"मग हे काय?" त्यांनी आठवड्याच्या आलेखाचा कागद उंच धरला. सकाळी शाळेला येताना, मधल्या सुट्टीत रेघ टुणटुण उड्या मारत होती. चार ते सात मात्र मेल्यासारखी आडवी. "तीन तास माणूस हलत नाही, म्हणजे एक तर तो आजारी, नाहीतर पट्टा खुंटीला."

वर्ग हसला. मुलगी हसली नाही, रडलीही नाही. खाली बसली.

वाढत्या वयातली मुलं दिवसभरात किती बसतात, किती चालतात, किती जोरात धावतात, हे मोजण्याची ती पाहणी होती. कमरेच्या पट्ट्यात काडेपेटीएवढी डबी असे. शरीराचा हिसका न् हिसका ती टिपून ठेवायची. शाळाशाळांतून पट्टे वाटायचे, आठवड्यानं गोळा करायचे आणि लबाडी हुडकायची, हे काम काका अकरा वर्षं करत होते. एका पठ्ठ्यानं पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता, एकीनं झोपाळ्याला. तेव्हापासून काका ताकही फुंकून पीत. बायको म्हणायची, "तुम्ही आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागाल."

त्यांनी मुलीच्या फॉर्मवर लिहिलं, 'पट्टा बांधला नाही. नोंद रद्द.' बाहेर पडताना वर्गशिक्षिका व्हरांड्यात आल्या.

"सुस्त आहे पोर. वर्गात डुलक्या घेते, खेळाच्या तासाला कोपरा धरून बसते. पण खोटं बोलताना मी तिला कधी पाहिलं नाही, काका."

"खोटं बोलणारे दाखवून थोडंच बोलतात, बाई?" काका म्हणाले. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. फॉर्मवरचा पत्ता बघून ते साडेचारला न कळवता निघाले. मुद्देमालासकट पकडायचं, एवढाच हेतू.

पत्ता निघाला इस्त्रीच्या दुकानाचा. पत्र्याच्या खोलीत कोळशाची धग कोंडली होती. मुलीची आई उजवा हात झोळीत अडकवून डाव्या हातानं कपड्यांवर पाणी शिंपडत होती. टेबलामागे मुलगी लोखंडी इस्त्री ओढत होती. काकांना बघून तिचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू लागला.

"माझा खांदा निखळलाय," आई म्हणाली. "दीड महिना झाला. तेव्हापासून शाळा सुटली की हीच उभी राहते. मीच म्हणाले, पट्टा काढून ठेव, कोळशाची ठिणगी लागेल. तर म्हणे, काकांनी काढू नको म्हणून सांगितलंय."

माय-लेकी एकमेकींची बाजू घेणारच, काकांच्या मनात आलं. त्यांनी पिशवीतला एक जादा पट्टा काढून स्वतःच्या कमरेला बांधला. "आण ती इस्त्री इकडे."

उचलताच मनगट कलंडलं. पहिल्या शर्टालाच त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"कमरेतून वाकू नका, पाठ धरेल," मुलगी हळूच म्हणाली. "पाय रोवायचे, कंबर हलू द्यायची नाही. सगळं खांद्यातून ढकलायचं."

वीस मिनिटांत चार शर्ट झाले. काकांच्या हाताला इतकं कापरं भरलं की पट्ट्याचं बक्कल सुटेना. शेवटी मुलीनंच ते सोडवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहणीच्या केंद्रात त्यांनी तो पट्टा संगणकाला जोडला. त्या वीस मिनिटांची रेघ आडवी होती. पुढे शेरा होता, 'बैठी'.

"कमरेच्या डबीला हातांचं काम दिसत नाही, काका," संशोधक बाई म्हणाल्या. त्या काकांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. "अहवालात तशी एक ओळ असतेच."

"मला अकरा वर्षांत कोणी सांगितलं नाही."

"नोंद रद्दच राहू द्या. धरली, तर ती शाळेतली सगळ्यात आळशी मुलगी ठरेल."

काकांनी फॉर्म पुढ्यात ओढला. रद्द ठेवली तर पोर खोटारडी, धरली तर ऐतखाऊ. अशा आडव्या रेघा त्यांनी आजवर किती खोडल्या होत्या, आणि त्या पोरांच्या घरी ते कधी गेले नव्हते. त्यांनी आपली ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'पट्टा बांधलेला होता. मुलगी तीन तास काम करत होती. ते मोजता आले नाही.' खाली पूर्ण सही केली.

"शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही," बाई म्हणाल्या.

"नको वाचू देत."

मग ते शाळेत गेले, वर्गशिक्षिकांची परवानगी घेऊन फळ्यापुढे उभे राहिले.

"काल मी हिला खोटं ठरवलं. ही खरं बोलत होती. चूक माझी."

"मग तीन तास करत काय होती?" मागून कोणीतरी विचारलं. सगळ्या माना वळल्या. मुलगी काकांकडे रोखून बघत होती. हा माणूस आता काय बोलेल, याचा तिला भरवसा नव्हता.

"ते तिचं तिला ठाऊक," काका म्हणाले. "मी फक्त पट्ट्याचा माणूस."

ती उभी राहिली.

"इस्त्री करते. आईचा खांदा निखळलाय."

कोणी हसलं नाही. ती खाली बसली, वही उघडली, पानाचा दुमडलेला कोपरा तळहातानं सरळ केला आणि फळ्याकडे बघू लागली.