कबरस्तानापाशी रुसणारा जावई

ओतेमिसच्या व्हॅनला, ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता वेग धरून ठेवणारं क्रूझ कंट्रोल बसवून दीड महिना झाला, पण त्यानं त्या यंत्राला एकदाही त्याच्या नावानं हाक मारली नाही. तो त्याला जावई म्हणायचा. "लेकीनं खराखुरा आणायचा तो आणला नाही, अक्ताऊच्या बाजारातून हा डब्यातला आणला," असं बेयनेऊ स्टेशनाबाहेरच्या एकूण एक ड्रायव्हरला त्यानं ऐकवलं होतं. वर पुन्हा, "आणि गुण अगदी जावयाचेच! मनात असेल तोवर राबतो, नाही तर भर रस्त्यात रुसून बसतो."

त्याच्या लेकीला, उलबोसिनला, पहिल्या आठवड्यात याचं हसू आलं, दुसऱ्यात राग आला आणि तिसऱ्यापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला. रेल्वे फाटकाजवळच्या गॅरेजात ती आठ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करत होती. तिनं जोडलेली वायर सुटली, अशी तक्रार घेऊन अजून कुणी परत आलं नव्हतं. आणि नेमक्या बापाच्या गाडीत तिच्या हातचं काम दगा देत होतं. जेवताना तिचा घास हातातच राहायचा, बोटं चटईचे धागे उसवत बसायची, आणि मध्येच उठून ती टॉर्च घेऊन अंगणातल्या व्हॅनखाली शिरायची.

नुसता हातच्या कामाचा मान राखायचा असता तर एवढी तगमग झाली नसती. ओतेमिसला त्रेसष्ट वर्षं पुरी झाली होती. त्यातली एकतीस बेयनेऊ ते अक्ताऊ आणि अक्ताऊ ते बेयनेऊ यातच गेली होती. रक्तात साखर होतीच, आता उजवा गुडघाही कुरकुरायचा. पाच तास ॲक्सिलरेटर दाबून धरला की उतरताना त्याला दाराला लटकावं लागायचं. अक्ताऊत राहणाऱ्या थोरल्या लेकाचं, सागिंदिकचं म्हणणं सरळ होतं: कोकेंनी चावी खाली ठेवावी, व्हॅन आपल्याकडे द्यावी, आपण ड्रायव्हर ठेवू. बापाला ते दोघं कोकेच म्हणत. उलबोसिन भावाशी कडाकडा भांडली होती. "घरी बसवलंस तर हा माणूस वर्षभरात संपेल," असं ती म्हणाली आणि ते खोटं नव्हतं. ज्या दिवशी फेरी नसे त्या दिवशी ओतेमिस घरातून अंगणात, अंगणातून फाटकात अशा येरझाऱ्या घालायचा आणि दुपारपर्यंत सगळ्यांचं डोकं उठवायचा. शेवटी क्रूझवर तडजोड झाली. ते नीट चाललं, पायाला आराम मिळाला, तर चावी बापाकडे. नाही तर या रविवारी सागिंदिक येणार आणि व्हॅन घेऊन जाणार.

आज शनिवार होता.

एव्हाना तिनं काय काय करून पाहिलं नव्हतं? मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावरचं, वेग मोजायला लावलेलं चुंबक नव्यानं घट्ट बांधलं. अर्थिंगची जागा घासून लख्ख केली. सागिंदिकनं हौसेनं दिलेले झगझगीत एलईडी ब्रेक-दिवे काढून जुने काचेचे बल्ब लावले, कारण त्या डब्याला जुन्या बल्बमधून येणारी मिणमिणती खूण लागत होती. त्यानं सुरूच न होण्याचा रोग गेला. वाटेत मध्येच सुटण्याचा मात्र गेला नाही. आणि खरी मेख इथंच होती. ती स्वतः चालवायला बसली की यंत्र गुणी बाळासारखं चालायचं. चाळीस किलोमीटर जा, चाळीस या, काटा नव्वदवरून हलायचा नाही. ओतेमिस बसला की रुसायचं.

"तुझ्यावर जीव आहे त्याचा," ओतेमिस म्हणायचा. "सासऱ्याशी वाकडं."

म्हणून आज ती सोबत निघाली होती. शनिवारी नेहमीची फेरी नसते. मागं चार पार्सलं, आणि पुढं तिघं: चाकावर ओतेमिस, मध्ये उलबोसिन आणि खिडकीशी शेजारची बल्किया आपा, लेकीकडे निघालेली. आपाच्या मांडीवर फडक्यात बांधलेले शेल्पेक होते. मेलेल्यांच्या नावानं तळायच्या त्या पातळ रोट्या तिनं पहाटेच उठून केल्या होत्या. उलबोसिनच्या खिशात होता ब्रेकच्या पेडलमागचा नवा कोरा स्विच. गाडीतल्या जुन्या स्विचच्या वायरीला तिनं एक इवलासा बल्ब जोडला होता आणि तो समोर चिकटपट्टीनं डकवला होता.

"हे काय, दिवा कुणासाठी लावलास?" आपानं विचारलं.

"चोर पकडायला, आपा. ब्रेक दाबल्याची खूण मिळाली की क्रूझ सुटतं आणि हा पेटतो. ब्रेक न दाबता क्रूझ सुटलं आणि हा पेटला, तर स्विच नासका. नाही पेटला, तर मग माझंच नशीब नासकं."

"कशाला एवढी खटपट! मला विचार की. या बाजूचे बुजुर्ग थांबवतात गाडीला." आपानं खिडकीबाहेर हात केला. "मी तीनदा आले याच्याबरोबर. तिन्ही वेळा कबरी आल्या की गाडी मंद झाली. एवढे पीर निजलेत इथं, त्यांच्या उशाशी नव्वदच्या वेगानं जायचं म्हणजे काय!"

"ऐक," ओतेमिस खूश होऊन म्हणाला. "आपांना वायरिंग न शिकता कळलं."

उलबोसिननं ओठ चावला. बुजुर्गांबद्दल तिला आदर होता, पण बुजुर्ग बारा व्होल्टवर चालत नाहीत एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

वारा आडवा होता. माळावरची धूळ रस्ता ओलांडून पलीकडे पळत होती आणि व्हॅन अधूनमधून खांदा मारल्यासारखी सरकत होती. ओतेमिसनं बटण दाबलं, काटा नव्वदवर बसला, आणि त्यानं पाय काढून खाली ठेवला. उलबोसिनची नजर बल्बवरून काट्यावर, काट्यावरून बल्बवर. वीस किलोमीटर, तीस, चाळीस. काही नाही. आज नेमकं रुसलंच नाही, तर उद्या ती भावाला काय दाखवणार होती?

"पायाला बरं वाटतंय का?" तिनं विचारलं.

"छान वाटतंय. दुखत नाही की खुपत नाही. पाय आहे की नाही तेही कळत नाही," ओतेमिस म्हणाला.

"तुला कधी कळलंय!" आपा हसली. "मागच्या हिवाळ्यात शेगडीपाशी बसला होतास. मोजा जळाल्याचा वास गल्लीभर पसरला, आणि हा विचारतोय, कुणाचं काय करपतंय म्हणून!"

तिघंही हसले. तो मोज्याचा किस्सा घरात इतक्यांदा सांगून झाला होता, की आता तो कुणी अर्धवट सोडला तरी हसू यायचं.

पासष्टाव्या किलोमीटरला उजव्या हाताला कबरस्तान दिसलं, मातीच्या भिंती आणि दोन घुमट. बोलणं आपोआप थांबलं. ओतेमिसनं रेडिओ बंद केला, पाठ सरळ केली आणि चाकावरचे दोन्ही हात उचलून, तळवे जोडीनं समोर धरून ओठांतल्या ओठांत दुवा म्हटली. तळवे चेहऱ्यावरून फिरले. सगळं दोन श्वासांत. या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर हे असंच करतो. उलबोसिनचे हातही वर गेले होते, पण नजर बल्बवर होती.

बल्ब पेटला.

काटा घसरला. नव्वद, पंच्याऐंशी, ऐंशी. मागच्या ट्रकवाल्यानं संतापून हॉर्न दाबला आणि बाजूनं निघून गेला.

"सापडला!" उलबोसिन जागच्या जागी उडाली. दीड महिन्याचं ओझं एका क्षणात उतरलं. "सापडला चोर! स्विच, कोके, स्विचच आहे! वाऱ्यानं हादरतोय आणि चिकटतोय. नवा खिशात आहे माझ्या, दहा मिनिटांचं काम!"

"म्हणजे बुजुर्ग नाहीत?" आपा हिरमुसली.

"पाय कुठंय कोके?" तिनं विचारलं. उगीच, विचारायची रीत म्हणून.

"पाय कुठं असणार? खाली, चटईवर."

बल्ब अजून पेटलेलाच होता. स्विच कुठून काढता येईल ते बघायला ती खाली वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली. बापाचा उजवा बूट चटईवर नव्हता. दुवेसाठी पाठ ताठ करताना तो वर सरकला होता, आणि त्याचं टोक ब्रेकच्या पेडलवर आरामात टेकलं होतं.

ती उठून बसली. "कोके, गाडी बाजूला घ्या जरा," ती म्हणाली.

त्यानं व्हॅन कबरस्तानाच्या भिंतीच्या आडोशाला घेतली. वाऱ्याचा आवाज एकदम कमी झाला. ओतेमिस फार खुशीत होता. "बदल, बदल लवकर. आणि उद्या सागिंदिकला म्हणावं, ये की चहाला, मटण खा, नातवाला आण. चावी मात्र मागू नकोस. काय आपा? अजून दहा वर्षं तरी मी हलत नाही या सीटवरून."

उलबोसिन खाली उतरून त्याच्या दारापाशी आली. नवा स्विच तिच्या मुठीत गरम झाला होता. जुना काढून हा लावला असता, त्याचा स्क्रू जरासा मागं घेतला असता, तर बुटाच्या एवढ्याशा दाबानं क्रूझ सुटलं नसतं. उद्या भावासमोर काटा नव्वदवर राहिला असता. कुणाला काही कळलं नसतं. कळलं असतं ते एखाद्या दिवशी, रस्त्यात उंट आडवा आल्यावर, जेव्हा बापाचा पाय ब्रेक शोधत भलतीकडेच गेला असता. तिला रडू आलं नाही. राग आला. त्या डब्याचा, त्या बल्बचा आणि चोर पकडायच्या स्वतःच्या हौसेचा.

"काय झालं? लाव ना," ओतेमिस म्हणाला.

"बूट काढा."

"स्विच माझ्या बुटात आहे का?"

"काढा ना, कोके. मोजाही."

तो कुरकुरत बाहेर पाय सोडून बसला आणि त्यानं बूट-मोजा काढला. पायाच्या अंगठ्याखाली एक जुना फोड फुटून सुकला होता. तो त्यानं बहुतेक पाहिलाही नव्हता.

"आता तिकडं घुमटाकडं बघा. मी हात लावला की हं म्हणायचं."

"मी काय शाळेतलं पोर आहे?"

"बघा तिकडं."

तुटलेली वायर शोधायची तर एका टोकाकडून विचारत विचारत जायचं, हे तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. इथपर्यंत येतंय का? मग इथपर्यंत? तिनं खिशातल्या पेचकसाच्या टोकानं गुडघ्याखाली हलकंसं टोचलं.

"हं," ओतेमिस म्हणाला.

चार बोटं खाली.

"हं."

नडगीच्या मध्यावर. तो जरा थांबला. "हं. वाटतं."

घोट्यावर. पावलावर. अंगठ्यावर. तिनं टोक दाबलं, आणखी दाबलं, इतकं की कातडीला खळगा पडला. घुमटावर एक पाखरू बसलं होतं. ओतेमिस त्याच्याकडे बघत होता.

"कर ना लवकर," तो म्हणाला. "थंडी वाजतेय. लावतेस का हात?"

खिडकीतून बघणाऱ्या बल्किया आपानं पदरासारखा ओढलेला रुमालाचा शेव तोंडावर धरला.

ओतेमिसनं मान वळवली. पेचकस अंगठ्यात रुतलेला त्याला दिसला. तो त्याकडे बघत राहिला, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा होता.

"तो बल्ब," तो म्हणाला, "माझ्यामुळं पेटत होता?"

"हो."

"दर वेळी?"

"हात वर केले की पाय सरकतो. तुम्हाला कळत नाही."

"स्विच बदलता येतो ना? मघाशी तूच म्हणालीस..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग एकदम भडकला. "तुला कुणी सांगितलं होतं हे यंत्र बसवायला? चाललं होतं माझं! एकतीस वर्षं चाललं होतं!"

"मीच बसवलं," ती म्हणाली. "तुम्ही चालवत राहावं म्हणूनच बसवलं, कोके." तिनं पेचकस खिशात टाकला. "तुमच्या साखरेचं आहे हे, पाय बधिर झालाय. मोजा जळाला तेव्हाच कळायला हवं होतं. आम्ही सगळे हसत बसलो."

फडकं सोडून आपानं एक शेल्पेक काढला, त्याचे तीन तुकडे केले, एक त्याला दिला आणि एक तिला. भिंतीपलीकडच्या माणसांच्या नावानं तिघांनी ते खाल्ले.

मग ओतेमिसनं मोजा चढवला. बूट घालताना तो दर वेढ्याला खाली बघत होता, नाडी आवळली की सैल राहिली ते डोळ्यांनी तपासत होता. खाली उतरला, बॉनेटवर हात टेकत टेकत पुढून फिरला आणि पलीकडच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. बल्किया आपा न सांगता मध्ये सरकली.

"ये, बस," ती म्हणाली. "थोरांची जागा ही खिडकीचीच."

"एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आलो," ओतेमिस म्हणाला आणि चढून बसला.

"अक्ताऊत आधी दवाखाना," चाकावर बसताना उलबोसिन म्हणाली. "मग आपांची लेक." तिनं गाडी रस्त्यावर घेतली, नव्वदला आणली, बटण दाबलं आणि पाय खाली ठेवला. चटईचा खरखरीतपणा बुटाच्या तळातूनही तिला कळत होता.

अर्ध्या तासानं पुढचं कबरस्तान आलं. सवयीनं तिचे हात चाकावरून सुटायला लागले.

"हात चाकावर ठेव," ओतेमिस म्हणाला. "मी दोघांचं करतो."

त्यानं तळवे वर धरले. नेहमीपेक्षा बराच वेळ धरले. उलबोसिन काट्याकडे बघत होती. दीड महिना जे घडू नये म्हणून ती जिवाचं रान करत होती, तेच आता घडावं असं तिला कळवळून वाटलं. रूस रे बाबा, ती मनात म्हणत राहिली, एकदाच रूस, माझ्याही हातात रूस. घुमट मागं गेले, बापाचे हात मांडीवर आले, आणि काटा नव्वदवरून हलला नाही.