नेटबाई आणि शेळीची बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक म्हणून लागल्या तेव्हा नेटबाईंचा गुन्हा एकच होता: त्यांना टायपिंग येत होतं. मालक परदेशातून काहीतरी बघून आले आणि आपल्या पेपरची वेबसाइट निघणार असं त्यांनी जाहीर करून टाकलं. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवून खोलीभर नजर फिरवली. बाकी सगळ्यांना एकाएकी टेबलावरच्या कागदांत फार महत्त्वाचं काही सापडलं होतं. नेटबाई तेवढ्या वर बघत राहिल्या.

"तू बघ ते," संपादक म्हणाले. "चार-सहा महिन्यांचं खूळ आहे. मालक विसरले की ये परत."

जागा मिळाली जिन्याखाली. एका भिंतीशी जुन्या अंकांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीपलीकडे पुरुषांची मुतारी, मध्ये एक कॉम्प्युटर आणि एक मोडेम. तो मोडेम जोडणी करताना असा कण्हायचा की जिन्यावरून जाणारा माणूस वाकून विचारायचा, "कोणी पडलं का हो?" 'नेटबाई' हे नाव तिथंच चिकटलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

घरी आईची वेगळी पंचाईत. शेजारणी विचारायच्या, "लेक पेपरात आहे म्हणता, मग नाव कसं दिसत नाही कधी?"

"ती पेपरात नसते," आई सांगायची. "कॉम्प्युटरच्या आत असते."

शेजारणी सहानुभूतीने माना हलवायच्या.

दुसऱ्या वर्षी नदीवरचा पूल सकाळी अकरा वाजता एका बाजूने खचला. नेटबाईंनी स्वतः जाऊन तो बघितला, परत येताना धावल्या, आणि अकरा चाळीसला बातमी वेबसाइटवर टाकली. सदतीस लोकांनी ती वाचली. सदतिसावे मालक होते आणि त्यांनी कौतुकाने संपादकांना फोन केला. संपादक त्या दिवशी पहिल्यांदा जिन्याखाली आले, आणि तिथल्या छताची सवय नसल्यामुळे आल्या आल्या त्यांचं डोकं आपटलं. त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

"पुलाची बातमी कोणी दिली?"

"मी, साहेब."

"उद्याची बातमी आज दिलीस? मग उद्या मी काय छापू, तुझा फोटो?"

"पण साहेब, पूल आजच खचलाय."

"पूल आज खचला असेल! बातमी उद्याची आहे!"

लेखी आदेश निघाला की छापून आल्याखेरीज कुठलीही बातमी वेबसाइटवर जाणार नाही. नेटबाईंनी आदेशावर सही केली, तो गठ्ठ्याखाली सरकवला, आणि आठवडाभराने बाजारातल्या आगीची बातमी आग विझायच्या आत टाकली. संपादक पुन्हा खाली आले नाहीत. टेंगूळ अजून उतरलं नव्हतं.

पुढची वीस वर्षं सांगायला वेळ लागणार नाही, कारण ती जगायलाही फारसा वेळ मिळाला नाही. खूळ काही उतरलं नाही, उलट पेपरच उतरणीला लागला. छपाईचं यंत्र भंगारात गेलं, संपादक निवृत्त झाले, मालकांच्या खुर्चीत धाकटे मालक आले आणि नेटबाई जिन्याखालून तिसऱ्या मजल्यावर, तिथून सातव्या मजल्यावर चढल्या. काचेची केबिन, दारावर 'मुख्य डिजिटल अधिकारी' अशी पाटी. त्यांच्या हाताखाली ऐंशी माणसं. जिन्याखाली शिकलेल्या बाईंचं भाषण ऐकायला आता दुसऱ्या कचेऱ्यांतली माणसं वह्या घेऊन यायची.

केबिनसमोरच्या भिंतीवर दार झाकेल एवढा पडदा होता. कुठली बातमी या क्षणी किती जण वाचताहेत ते त्यावर दिसायचं. हा पडदा बसवायचा हट्ट नेटबाईंचाच. सदतीस वाचकांवर दिवस काढलेल्या बाईला वाचक मोजण्याची हौस असणार, त्यात नवल नाही. पण पडद्यापाठोपाठ आला आकडेशास्त्री. गुळगुळीत चेहऱ्याचा, कधीही न रागावणारा माणूस. बातमी काय आहे हे तो विचारायचा नाही, ती 'चालते का' एवढंच विचारायचा. हळूहळू सगळी कचेरी तेच विचारू लागली. 'वाचून थक्क व्हाल' हे शब्द मथळ्यात पहिल्यांदा कोणी घातले यावर वाद होता. नेटबाई त्या वादात पडायच्या नाहीत, कारण ते त्यांनीच घातले होते.

कचेरीत एक वार्ताहर होता, त्याला सगळे 'खोदकाम' म्हणत. पन्नाशीचा, खांदे पडलेला, हातात कायम फुगलेली फाइल. टेकडीमागच्या वस्तीला ज्या टाकीतून पाणी येतं ती अकरा वर्षं धुतलेली नाही आणि तिच्या नळात गटाराचं पाणी मिसळतंय, हे त्याने सहा महिने खपून शोधलं. प्रयोगशाळेचे चार अहवाल, पालिकेची पत्रं, दवाखान्यातल्या आजारी मुलांच्या नोंदी. बातमी सकाळी आठला गेली. दुपारपर्यंत चारशे बारा लोकांनी ती उघडली आणि त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या परिच्छेदातून पळाले.

त्याच दिवशी एक शेळी पालिकेच्या इमारतीत शिरली. तीन मजले चढली आणि सूचनाफलकावरची निविदा तिने चावून खाल्ली. पालिकेत निविदा खाणारी ती काही पहिली नव्हती, पण चित्रीकरणात सापडलेली पहिलीच. कोणीतरी फोनवर घेतलेलं ते दृश्य संध्याकाळपर्यंत नऊ लाख लोकांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत धाकट्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. मग आकडेशास्त्र्याने सौम्यपणे सुचवलं, की खोदकामसारखे तीन वार्ताहर पोसण्यापेक्षा...

वाक्य त्याने अर्धवटच सोडलं. चांगली माणसं अशी वाक्यं पुरी करत नाहीत.

खोदकाम फाइलीचा दोरा सोडत होता आणि बांधत होता. नेटबाईंना ते बघवेना. बैठक संपल्यावर त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"शेळी कुणाची आहे रे?"

"टेकडीमागच्या वस्तीतली," तो म्हणाला. "तिथल्या एका आजींची. मॅडम, तीच वस्ती. ती शेळी तेच पाणी पिते."

नेटबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग खुर्चीखालच्या चपला पायात सरकवल्या. बातमीसाठी त्या कचेरीबाहेर पडल्याला नऊ वर्षं झाली होती.

वस्तीत त्यांच्यासोबत खोदकाम होता, एक कॅमेरावाली होती, आणि न बोलावता आकडेशास्त्रीही आला होता. आजी दारात बसून शेंगा सोलत होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. शेळी खुंट्याला बांधलेली, तोंडात कसलासा कागद.

"हिला आता सरकारी कागदच गोड लागतात," आजींनी सांगितलं. "पाला तोंडात धरत नाही मेली."

बेत सोपा होता. एका बादलीत टाकीचं पाणी, दुसरीत बाटलीतलं शुद्ध पाणी. दोन्ही शेळीपुढे ठेवायच्या. जनावराला कळतं, ते घाणीला तोंड लावणार नाही. ते दृश्य दाखवायचं आणि त्याखाली खोदकामचे चारही अहवाल.

बादल्या ठेवल्या. कॅमेरा सुरू झाला. शेळीने शुद्ध पाणी हुंगलं, शिंकली, बादली लाथेने उलटी केली. मग टाकीच्या पाण्यात तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही.

कॅमेरावालीने कॅमेरा खाली घेतला.

"रिटेक घेऊ," आकडेशास्त्री म्हणाला. "टाकीच्या पाण्यात मूठभर मीठ टाका. मग नाही पिणार."

"मीठ टाकलंत तर दुप्पट पिईल," आजी म्हणाल्या. "शेळ्या कधी पाळल्यात का?"

"मग थोडं फिनेल..."

आजी उठल्या. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण आकडेशास्त्री तीन पावलं मागे सरकला.

"मॅडम, तिचं पोट आता भरलंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आत्ता बादली पुढे केली तर ती आपोआपच तोंड फिरवेल. कोणाला कळणारे? आणि कारण चांगलंच आहे की."

नेटबाईंना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. झाला, आणि चांगला झाला. पंधरा सेकंदांचं काम होतं. गटाराचं पाणी खरं, आजारी मुलं खरी, अहवाल खरे. एवढ्या खऱ्यात एक खोटी शेळी खपून गेली असती. त्यांनी खोदकामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "शेळी पाणी प्यायली. बातमीत ती पिणारच."

"मग मथळा काय देणार?"

नेटबाई तिथंच उलट्या बादलीवर बसल्या आणि फोनवर मथळा टाइप केला: 'ही शेळी रोज हे पाणी पिते. तुम्ही पिऊ नका.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदा लाख लोकांनी बातमी बघितली. शेळीची प्रकृती कशी आहे, ही चौकशी हजारोंनी केली. काहींनी तिच्यासाठी औषधं सुचवली. वस्तीतल्या मुलांची चौकशी सहा जणांनी केली, त्यांतले दोघे त्या मुलांचेच मामा होते.

जिथे सहा महिन्यांत आरोग्य अधिकारी फिरकला नव्हता, तिथे दोन तासांत जनावरांचा डॉक्टर हजर झाला. संध्याकाळी पालिकेचे अध्यक्ष आले, त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, फोटो काढवून घेतले आणि तिच्यासाठी रोज एक कॅन शुद्ध पाणी मंजूर केलं. आजींनी विचारलं, "आणि आम्ही?" अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याकडे नळ आहे ना."

पण जनावरांचा डॉक्टर निघाला सरळ माणूस. त्याने शेळी तपासली, जाता जाता पाणीही बाटलीत भरून नेलं, आणि अहवालात लिहिलं: 'शेळी ठणठणीत आहे. हा शेळीचा गुण आहे, पाण्याचा नव्हे. हे पाणी जनावरांनाही देऊ नये.' खोदकामचे चार अहवाल कोणी वाचले नव्हते, शेळीचा मात्र सगळ्या शहराने वाचला. पालिकेला पळवाट राहिली नाही. एकोणिसाव्या दिवशी टाकी धुतली गेली आणि फुटका नळ बदलला. टाकीतून काय काय निघालं त्याची यादी खोदकामने दिली, ती इथे नको.

कचेरीत जल्लोष झाला. धाकट्या मालकांनी सगळ्यांना बोलावून यातून शिकायचा धडा सांगितला. धडा असा, की शेळी चालते. ताबडतोब प्राणी विभाग उघडायचा आणि खोदकामचं टेबल बंद करून जागा त्याला द्यायची.

"प्राणी विभाग उघडू या," नेटबाई म्हणाल्या. "पण त्याचा प्रमुख मी नेमणार."

"अर्थात, मॅडम! तुम्ही तर या क्षेत्रातल्या प्रणेत्या."

त्यांनी खोदकामला नेमलं. त्याने आधी राजीनामाच लिहिला होता. नेटबाईंनी तो वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला. "हा ठेव कुठंतरी. आधी शाळेच्या छपराचं बघ. तिथं कबुतरं आहेत ना?"

दीड वर्ष प्राणी विभाग जोरात चालला. कबुतरांच्या बातमीतून शाळेचं गळकं छप्पर निघालं, कुत्र्याच्या बातमीतून सरकारी दवाखान्याचं बंद शस्त्रक्रियागृह. गाढवाच्या बातमीतून तर अध्यक्षांच्या मेव्हण्याचं रस्त्याचं कंत्राटच बाहेर पडलं. अध्यक्षांनी गाढव हा शब्द स्वतःला लावून घेतला आणि धाकट्या मालकांना फोन केला. मग आकडेशास्त्र्याने हिशेब मांडला: त्या बातमीत गाढव फक्त चार सेकंद होतं. वाचकांची फसवणूक!

त्याच महिन्यात नेटबाईंना डिजिटल पत्रकारितेतल्या प्रणेत्या म्हणून मोठा सन्मान मिळाला आणि त्याच आठवड्यात त्यांना 'सल्लागार' करण्यात आलं. सल्लागार म्हणजे पाटी मोठी आणि केबिनला दार नाही. मानपत्रात पुलाचा उल्लेख नव्हता, शेळीचा तीन वेळा होता. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"एवढी वर्षं नोकरी केलीस," ती म्हणाली, "आणि नाव शेळीचं मोठं?"

"ती पाणी तरी प्यायली, आई. मी नुसताच मथळा दिला."

आईला ते पटलं नाही. तिने मानपत्र फ्रेम करून आणलं, आणि शेळीचा उल्लेख असलेल्या ओळी झाकतील अशा बेताने त्यापुढे फुलदाणी ठेवली.

सल्ला मागायला कोणी येत नव्हतं. नेटबाई सकाळी जाऊन बसायच्या, पडद्याला पाठ करून. एका मंगळवारी फोन वाजला.

"बाई, मी बोलते, शेळीवाली," पलीकडून खणखणीत आवाज आला. "नळाला पुन्हा वास यायला लागलाय. पालिकेला सांगितलं तर म्हणतात, तक्रार शेळीची आहे की माणसांची? येता का?"

नेटबाईंनी धाकट्या मालकांना विचारलं नाही. खोदकामला घेतलं आणि दोघं बसने निघाले. बसमध्येच त्यांनी चार ओळींची बातमी लिहून टाकली: अमुक वस्तीत नळाच्या पाण्याला आज सकाळपासून वास येतोय, तक्रार केली आहे, आम्ही तिथे जात आहोत. ना शेळी, ना थक्क होणं. उतरेपर्यंत साठेक लोकांनी ती वाचली असावी.

त्या साठांत पालिकेचा पाणी अभियंता होता. ते पोचले तेव्हा तो आधीच आजींच्या दारात उभा होता, धापा टाकत, हातात नळाची मोठी चावी, शर्ट विजारीतून अर्धा बाहेर.

"किरकोळ होतं, मॅडम," तो घाईघाईने म्हणाला. "झडप नीट बसली नव्हती. आत्ताच बसवली. पाणी एकदम स्वच्छ आहे. लिहून घ्या, एकदम स्वच्छ."

खोदकामने वही उघडली. आजी आत गेल्या, नळाखाली पेला धरला, काठोकाठ भरला, आणि बाहेर येऊन तो अभियंत्यापुढे केला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "लांबून धावत आलात. घसा सुकला असेल."

अभियंत्याने पेल्याकडे पाहिलं, मग नेटबाईंकडे. नेटबाईंनी घड्याळात बघून खोदकामला वेळ सांगितली. अभियंत्याने चावी खाली ठेवली, डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला.