रब्बींचा उरलेला अध्याय

आमच्या गावचे यहुदी धर्मगुरू रब्बी मोर्दखाय वारले तेव्हा त्यांचा ग्रंथ शेवटच्या अध्यायात, एका वाक्याच्या मध्येच थांबला होता. उरलेला भाग त्यांनी लिहिला नव्हता, पण बोलून दाखवला होता, शब्बाथच्या संध्याकाळी जेवताना. शब्बाथ हा आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, त्या दिवशी आमच्यात कोणी लेखणी धरत नाही. म्हणून रब्बींजवळ एक पाठांतरवाला असतो. तो ऐकून डोक्यात साठवतो आणि आकाशात चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, की इतरांना म्हणून दाखवतो. आमच्याकडे हे काम रब्बींच्या शिष्याचं, काल्मनचं.

रब्बींच्या पत्नी सोस्याकाकू आता थकल्या होत्या. ग्रंथ आपल्या डोळ्यांदेखत छापून व्हावा एवढीच त्यांची इच्छा. म्हणून काल्मनने हिवाळाभर बसून उरलेला अध्याय लिहून काढला. मी गावातल्या पोरांना शिकवतो, अक्षर बरं आहे, म्हणून स्वच्छ प्रत करायला मला बोलावलं. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल होण्याआधी ती शहरात छापखान्यात पोचायला हवी होती.

प्रत झाल्यावर काल्मनसमोर मी ती काकूंना वाचून दाखवायला बसलो. त्या बीट सोलत होत्या. 'परत फिरणाऱ्याला गेला तेवढं सगळं चालावं लागत नाही. तो वळला की घरच त्याच्याकडे चालू लागतं,' हे वाक्य आलं आणि त्यांचा सुरी धरलेला हात थांबला.

"हे कोण बोललं?"

"रब्बीच," काल्मन म्हणाला.

"मी दाराआड असायचे. मला नाही आठवत."

"तुमचं लक्ष पातेल्यात असेल, काकू."

"पातेल्यात हात असतो रे, कान नाही."

काल्मन हसला नाही. आमच्यात मानतात, की गेलेल्या ज्ञानी माणसाचं वचन कोणी त्याच्या नावाने सांगितलं, की कबरीत त्याचे ओठ हलतात. काकूंचं म्हणणं सरळ होतं: दुसऱ्याच्या शब्दांसाठी रब्बींचे ओठ हलायला नकोत. शंका असेल तर हा सगळा भागच गाळा. म्हणजे ग्रंथ पुन्हा अर्ध्या वाक्यावर. काल्मनचा चेहरा पडला. तो म्हणाला, की इतकी वर्षं तो हे मनात घोळवत आलाय, की त्यांचं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं हे त्यालाच आता कळत नाही.

माझ्याकडची पोरं सगळं चालीवर पाठ करतात. प्रश्नाला सूर चढतो, उत्तराला उतरतो. पाठ असलेलं पोर गात जातं. मनाने रचू लागलं की चाल सुटते आणि ते नुसतं बोलू लागतं. त्याला रागवायचं नसतं, तिथेच थांबवून पुन्हा शिकवायचं असतं. मी काल्मनला म्हटलं, कागद बाजूला ठेव आणि शब्बाथ संपल्यावर म्हणायचास तसं म्हण.

त्याने डोळे मिटले. डोलत डोलत रब्बींच्या चालीत तो म्हणू लागला, अगदी त्यांच्या खाकरण्यासकट. काकू पदराने डोळे टिपत होत्या. मग ते घराचं वाक्य आलं, आणि काल्मन ते शेजाऱ्याला सांगावं तसं साधं बोलून गेला. पुढच्या वाक्याला चाल पुन्हा लागली, तरी तो स्वतःच थांबला. आम्हाला काही सांगावं लागलं नाही.

अध्यायाचा पुढचा भागही आम्ही तसाच म्हणवून घेतला. चाल कुठे तुटली नाही.

काल्मनने लेखणी मागितली, ते वाक्य खोडायला. सगळ्या अध्यायात त्याचं सर्वांत आवडतं तेच होतं, हे मला ठाऊक होतं. काकूंनी कागदावर हात ठेवला.

"खोडतोस कशाला? चांगलं आहे की ते. शिष्याची भर बारीक टायपात छापतात, वर त्याचं नाव घालून. तसं कर."

"माझं नाव? रब्बींच्या ग्रंथात?" तो चाचरला. "लोक म्हणतील, काल्मनला शिंगं फुटली."

"त्यांच्या नावावर चुकीचं खपवत होतास तेव्हा नाही फुटली ती. आता स्वतःच्या नावावर खरं लिहायला लाजतोस?"

लेखणी बुडवून त्याने त्या वाक्याच्या वर 'शिष्य काल्मन म्हणतो' असं लिहिलं, मुंगीएवढ्या अक्षरात.

काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्यापुढे परत सरकवला. "मोठं लिही. टाइप जुळवणाऱ्याला दिसलं पाहिजे."