ओढ्यावरून मारायची हाक

मी एक बॅटरी. तीन सेलची, पत्र्याची, पुढे काच आणि मागे टांगायला कडी. काहीतरी चुकल्यासारखं मला पहिल्यांदा वाटलं ते दुपारच्या चहाला. नीलानं कपात चहा ओतला, खिडकीकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला. बाहेर अंधार पडला होता. चहा वाफाळत होता, म्हणजे वेळ बरोबर होती. अंधारच चुकीचा होता.

"अगो बाई," ती पुटपुटली आणि मला उशीखालून काढून मांडीवर घेतलं. छताला लख्ख दिवा जळत होता, तरी घेतलं.

ती खोली जर्मनीत होती. तिथे थंडीत दिवस असाच लवकर मिटतो, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. मला कोण सांगणार?

माझं मूळ महाडच्या बाजारातलं. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. दुकानात दोरीला उलटी टांगलेली होते, तिथपासून आठवतं. काशीरामनं मला उतरवून घेतलं, बटण दाबून उजेड स्वतःच्याच डोळ्यांत मारून घेतला आणि "चालेल" म्हणाला. तो औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. सुटला की एस.टी.नं पोलादपूरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरायचं, मग पायवाट, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडच्या चढावर आमची बौद्धवाडी. माझं काम त्या शेवटच्या वाटेपुरतं.

वाडीत एक रीत होती. दिवेलागणीनंतर ओढ्यापलीकडे उजेड हलताना दिसला की घरातून हाक जायची, "कोण हाय रेऽ?" वाटेवरच्यानं लगेच ओ द्यायची. उजेड दिसला आणि आवाज आला नाही, किंवा उजेड मधेच विझला, तर माणसं काठ्या घेऊन बाहेर पडत. मुकाट उजेड कुणालाच नको असायचा.

काशीरामची मुलगी नीला महाडच्या कॉलेजात जायला लागली तेव्हा मी तिच्या पिशवीत गेले. पोरगी फार दचकी. पाल चुकचुकली तरी उडायची, वहीचं पान फाटलं तरी छातीवर हात. एस.टी.त दोनदा तिकीट चाचपायची. पण ओढ्यावर आली की कुणी विचारायच्या आत स्वतःच हाक मारायची, आणि ती अशी की खुराड्यातल्या कोंबड्या एकमेकींवर पडायच्या.

"आईऽऽ, मी हाय गोऽऽ!"

वरून तुळसाचं, तिच्या आईचं, उत्तर ठरलेलं. "ऐकलं गो! बहिरी नाय झाले मी अजून!"

मग पुणं, दगड-मातीचं शास्त्र, एम.एस्सी. कशेडी घाटातल्या दरडींवर तिनं काहीतरी लिहिलं होतं. तिच्या सरांनी ते एका जर्मन विद्यापीठाला पाठवलं आणि तिकडून एका सत्राचं बोलावणं आलं. वाडीला आनंद झाला. जायच्या आदल्या संध्याकाळी तुळसानं मला पुसलं, नवे सेल भरले आणि लेकीच्या हातात दिलं.

"तिकडं विजेला काय तोटा नाय, आई. बॅटरी कशाला?"

"ऱ्हाऊ दे. आणि ऐक. तो आपल्या वाडीतला मुरारी मुंबैसनं आला तेव्हा काय केलंन? ओढ्यावर बूट सांभाळत गप उभा. कुणीतरी बघंल नि बोलवंल, म्हणून. आईला हाक मारायची लाज वाटली त्याला. तू तशी येऊ नको. येशील तेव्हा ओढ्यावरनं हाक मार. हाक आली की मी समजंन, गेली तीच आली."

नीला हसली होती. तेव्हा तिला त्यात अवघड काही दिसलं नाही.

चुकीच्या वेळी अंधार पडला त्याच आठवड्यातली गोष्ट. वसतिगृहाच्या खिडकीखाली शेत होतं, शेतातून एक वाट. त्या वाटेनं एक उजेड आला. आवाज नाही, काही नाही. अगदी खिडकीखाली येऊन तो थांबला आणि विझला.

नीलाचं काळीज जे उडालं ते मला तिच्या तळव्यातून कळलं. तिनं खिडकी उघडली, मला खाली रोखलं आणि वाडीच्या आवाजात ओरडली, "कोण हाय रेऽऽ?"

सगळ्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या. खाली एक म्हातारा सायकल धरून उभा होता. त्या सायकलचा दिवा चाकावर चालायचा. तो नाकाचा शेंबूड पुसायला थांबला आणि दिवा गेला, एवढंच झालं होतं. वरून कुणी मदतीला हाक मारतंय असं वाटून बिचारा धावतच जिना चढला. वसतिगृहाच्या बाई पाण्याची बादली घेऊन आल्या, शेजारची मुलगी पांघरूण घेऊन आली. आग कुठे आहे, दुखतंय कुठे, असं तिघं विचारू लागली. नीलाला एकच शब्द सुचला, "सॉरी." तो तिनं पुष्कळदा म्हटला.

त्यानंतर तिनं मोठा आवाज काढला नाही. मला मोज्यांच्या खणात ठेवलं. खणाच्या फटीतून जेवढं दिसे, ऐकू येई तेवढंच माझं जर्मनी. ती हळू बोलायला शिकली, दार हळू लावायला शिकली, हसतानाही आवाज होऊ देईना. वर्गात दरडींवर बोलायची पाळी आली, तेव्हा प्राध्यापक दोनदा म्हणाले, "जरा मोठ्यानं, कृपा करून." हे तिनं खोलीत येऊन आरशाला सांगितलं. मला गंमत वाटली. कोंबड्यांना विचारा म्हणावं.

म्हातारा मात्र रोज संध्याकाळी त्या खिडकीखाली घंटी वाजवून जायचा. बरी आहेस ना, अशी असावी ती. नीला पडद्यामागे उभी राहायची. उत्तर देत नसे.

मग सत्र संपलं. संपलं म्हणजे काय झालं, तर भिंतीवरचा नकाशा उतरला, शेजारच्या मुलीनं भेट म्हणून लोकरी टोपी दिली, आणि सुटकेस भरताना नीला मधेच बसून राहिली. काय शिकलो, असं ती बोटांवर मोजू पाहत होती. दगडांची नावं आली. बर्फावर चालणं आलं. एकटीनं जेवणं आलं. तिथे ती थांबली, उठली आणि मला खणातून काढलं. खाली घंटी वाजली होती. निदान आज तरी ओ द्यावी, म्हणून तिनं बटण दाबलं.

मी पेटले नाही. सेल पाझरले होते, आतली स्प्रिंग हिरवी पडली होती. तिनं मला हलवलं, तळव्यावर आपटलं, खिडकीत हातसुद्धा हलवला. पाठीमागचा हात कुणाला दिसतो? सायकलचा दिवा शेत ओलांडून गेला.

आज आम्ही परत आलो. तारीख वीस मार्च, तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. महाडला गाडी थांबली तेव्हा स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, तळ्याकडे चाललेली माणसं. वाडी सगळी तिथेच असणार, काशीरामही. नीलानं खिडकीतून मान काढून शोधलं. तोवर कंडक्टर तिची सुटकेस ढकलून दमला.

"ताई, दगड भरलेत काय?"

"हो," ती म्हणाली. खरंच भरले होते.

फाट्यावर उतरून, सुटकेस या हातातून त्या हातात करत, दिवेलागणीला आम्ही ओढ्यावर पोचलो. पाणी डबक्यांपुरतं उरलंय. वाडीत विजेचे खांब आलेत, तारा अजून नाहीत. एकाही घरात दिवा नाही. तुळसाचे गुडघे दुखतात, ती घरी असेल, असं नीला वाटभर स्वतःला सांगत आली.

तिनं बटण दाबलं. मी तशीच.

"आई," तिनं हाक मारली. जर्मनीतली हाक. डबक्यापलीकडेसुद्धा गेली नसेल.

पुन्हा मारली. एक टिटवी तेवढी ओरडली आणि नीला दचकून मागे सरली. मग गप्प उभी राहिली, बुटांकडे बघत. मुरारी इथेच उभा होता.

माझं म्हणाल तर माझं संपलंय. आता मी कोनाड्यात बसेन, नाहीतर पोरं काच काढून खेळतील. तक्रार नाही. एकच सांगते. कुणाचा उजेड थांबलेला दिसला, कुणी घंटी वाजवली, तर पडद्यामागे राहू नका. ओ द्या. मी पेटत होते तेव्हा हे सोपं वाटायचं.

नीलानं मला काखेत धरलं. दोन्ही हात तोंडाशी नेले. तिची छाती भरून आली ती माझ्या पत्र्याला कळली.

"आईऽऽऽ! मी हाय गोऽऽऽ!"

आवाज चढावर आपटून परत आला. नंतर काहीच नाही. तिचे हात तसेच तोंडाशी. मग वर कुठेतरी कडी वाजली, दाराच्या फटीत कंदिलाचा पिवळा उजेड हलला, आणि खाकरून मोकळा केलेला एक घसा म्हणाला,

"ऐकलं गोऽ! बहिरी नाय झाले मी अजून!"