दार उघडणारा डोमा

आमची टुरिंग टॉकीज म्हणजे एक फाटका तंबू, एक खोकणारं इंजिन आणि माझा नवरा पत्रू. तिकिटं मी फाडायची, भांडणं मी मिटवायची आणि यानं मशीनमागे आरामात बसायचं. त्या वर्षी त्याच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. बल्लारशा स्टेशनावर त्यानं माकडांनी भरलेले पिंजरे पाहिले. हमाल म्हणाला, ही बोटीनं परदेशात जातात, तिथे यांना सुया टोचून औषधं पारखतात. एका माकडिणीनं गजांतून हात काढून पत्रूची बाही धरली होती म्हणे. तेव्हापासून याचं जेवणात लक्ष लागेना.

मग त्यानं जुनी तुटकी फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन कोरी केली आणि तिच्या चिमुकल्या चौकटींत शाईनं माकडीण काढायला बसला. प्रत्येक चौकटीत तीच माकडीण, हात जरा पुढे, शेपूट जरा वर. मशीनवर फिरवली की ती चालायची. पावसाळाभर माझ्या घरात दोरीवर कपड्यांऐवजी फिल्म वाळत होती. मी चिडले, नाही नाही ते बोलले आणि शेवटी मुकाट्यानं शाई कालवून देऊ लागले. लोकांनी ते पाहावं आणि एक तरी पिंजरा रिकामा राहावा, एवढंच त्याला हवं होतं. मला वाटायचं, लोक हसतील आणि घरी जातील.

हिवाळ्यात सावली गावाजवळच्या एका खेड्यात तंबू लागला. मोठ्या सिनेमाआधी तिथे पहिल्यांदाच ही फिल्म दाखवायची होती. नेमके त्याच गावात डोमा नावाच्या माकडं धरणाऱ्यानं पकडलेल्या माकडांचे पिंजरे चावडीपाशी ठेवलेले. सकाळी माकडं विकत घेणाऱ्या ठेकेदाराचा ट्रक येणार होता. डोमाला बोलावलं होतं गावातल्या म्हाताऱ्या गुणाबाईनं, कारण माकडांनी तिच्या शेतातलं लाखोळी डाळीचं पीक पार ओरबाडून टाकलं होतं. दोघंही पहिल्या रांगेत येऊन बसले.

पडद्यावर माकडीण शेतात शिरली तेव्हा लोक हसून हसून लोळले. मग पिंजरा आला, आगगाडी आली, पांढऱ्या कोटातला माणूस सुई घेऊन पुढे आला. हसू थांबलं. सुई तिच्या दंडापाशी पोचली आणि पडदा नुसता पांढरा झाला.

आमच्या या झाडीपट्टीच्या मुलखात नाटक अर्धं टाकून कोणी उठत नाही, नटांनाही उठू देत नाही. लोक बसूनच राहिले.

"पुढं का झालं?" गुणाबाईनं विचारलं.

"पुढचं काढलोच नाई, बाई. धीर नाई झाला," पत्रू म्हणाला.

"खरंच असं करतेत?"

"सुई नाई पाह्यलो, पन पिंजरे या डोळ्यानं पाह्यलो."

गुणाबाई डोमाकडे वळली. "तू या माकडायले कुठी पाठवून राह्यला? मी तर तुले म्हटलं होतं, दूर जंगलात सोडून ये."

"ट्रकापर्यंत माझं काम. पुढचं मले नाई मालूम."

"आता झालं ना मालूम."

ती काठी टेकत चावडीकडे निघाली आणि सगळा तंबू तिच्यामागे. मोठा सिनेमा तसाच राहिला. डोमा पिंजऱ्यांपुढे मिशा ओढत उभा राहिला. "ठेकेदाराले का सांगू?"

"सांग, लाखोळी गुणाबाईची होती, माकडंबी तिचीच."

 मग त्यानं स्वतःच एकेका पिंजऱ्याच्या दाराची खीळ काढली. एक माकडीण पिल्लू पोटाशी धरून बाहेर आली आणि चिंचेवर चढली. तिच्यामागून बाकीची गेली. पत्रूच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की कधी नव्हे ती मी गप्प बसले.

फिल्मचा शेवट त्यानं त्याच मुक्कामात काढला. सुई दंडापाशी पोचते, पण तेवढ्यात एक माणूस पिंजऱ्याचं दार उघडतो. त्याला हुबेहूब डोमाच्या मिशा. मूल, सिंदेवाही, आरमोरी, ज्या गावी जाऊ तिथे लोक त्या मिशांना टाळ्या वाजवत.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्या गावी परत गेलो, तर गुणाबाई लाखोळीत उभी राहून माकडांना शिव्या घालत होती आणि डोमा तिच्याकडे राखणीला लागला होता.

"तुमच्यानं माझा धंदा बसला, भाऊ," तो पत्रूला म्हणाला. "ठेकेदार पुन्हा आला होता. पन पिंजरा घेऊन जाऊ कोनत्या गावात? लोक म्हनतेत, अरे, हा तर दार उघडनारा."

मला वाटलं, हा आता भांडतो. पण संध्याकाळी तोच सगळ्यांच्या आधी तंबूत आला आणि मिशांना तेल लावून पहिल्या रांगेत बसला.