कोऱ्या पाण्याचा रोजा

“पोटात काही घ्यायचं नाही बरं का. आज तुझाही रोजा.” माझं बूच आवळताना इन्शिराहबाई दरवेळी हे म्हणत. आता त्या नाहीत. पण मित्रांनो, तो आवाज आठवला की माझी काच अजून शहारते.

मी अलेक्झांड्रियातल्या एका प्रयोगशाळेतली जुनी बाटली, गळ्याला निळा दोरा बांधलेली. दूर वाळवंटातल्या सिवाच्या खारट तळ्यांत आर्किया नावाचे अतिसूक्ष्म जीव राहतात. जिवाणूंच्या गर्दीत मिसळलेले, पण घराण्याने वेगळे. त्यांना जनुकांच्या खुणेवरून ओळखायची नवी रीत बाईंच्या शिष्येने, नर्मीनने बसवली. ती खरी की खोटी हे ठरवायला दोन साक्षी. एका नळीत मुद्दाम आर्किया घातलेले. ते दिसलेच पाहिजेत. दुसरी साक्षी मी. माझ्यात निर्मळ पाणी भरतात, तळ्यावर नेऊन आणतात, आणि त्यात काही म्हणजे काही दिसता कामा नये. रिकामं राहणं हेच माझं व्रत. कौतुक मात्र भरलेल्या बाटल्यांचं.

यंदा रमजानात आम्ही सिवाला गेलो. गाडीवाले शहाताकाका दिवसभर मिठावरून खोकी वाहत होते. ओठांवर पांढरी पूड साचलेली. सूर्य बुडाला, अजान झाली. काकांनी डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं आणि हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली. ती मी होते. एकच घोट. बूच लावून त्यांनी मला होते तिथे ठेवलं. परतीच्या वाटेवर मी थरथरत होते. माझं व्रत मोडलं होतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

प्रयोगशाळेत यंत्राच्या पडद्यावर माझ्या पाण्याची रेषा आडवी पडून राहायला हवी होती. ती हळूहळू वर चढली; म्हणजे माझ्यात आर्किया होते. नर्मीनला उद्या परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं.

“माझी रीतच खोटी,” ती पुटपुटली. “नसलेलं दाखवते.”

खोकी उतरवणारे काका थबकले. “निळ्या दोऱ्याची? नर्मीनबाई, अजानीला मी हीच प्यायलो वाटतं. म्हटलं, एवढं बेचव पाणी म्हणजे तुमच्या अलेक्झांड्रियाचंच.”

नर्मीनने पुन्हा त्या रेषेकडे पाहिलं. “म्हणजे तुमच्या ओठांवरच्या मिठातले आर्किया माझ्या रीतीने ओळखले.”

“मग झालं तर. ही एक बाजूला ठेवा, बाकीचं उद्या सांगून टाका.”

“नाही काका. बाईंना शब्द दिलाय. हिच्यात काही दिसलं, तर त्या खेपेचं सगळं पाणी ओतून टाकायचं आणि पुन्हा जायचं.”

“एका घोटापायी?”

“एका घोटाने रोजा सुटतो ना, काका?”

काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. “मी नेतो,” ते म्हणाले.

तिने मला उचललं तेव्हा वाटलं, संपलं; आता फुटक्या काचांच्या डब्यात. पण तिने मला घासलं, भट्टीत तापवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी एखादं भांडं जपून रिकामं ठेवलेलं असेल. विचारल्यावाचून त्याला हात लावू नका. त्याच्या रितेपणावर कुणाचं खरेपण टांगलेलं असतं.

परीक्षकांना तिने तारीख पुढे ढकलायला सांगितलं. पहाटे मला भरून बूच आवळलं; बाईंच्या त्याच वाक्यावर तिचे ओठ नुसते हलले. शहाताकाकांनी आपला पाण्याचा डबा माझ्यापासून दूर, आपल्या पायाशी ठेवला, आणि गाडी सिवाच्या वाटेला लावली.